तिसरा रकाना

"पद्माकर विष्णूविच, हे अक्षर तुमचंच ना?"

गालिनानं कागद टेबलावर आपटला. अंगातला ओला कोटसुद्धा तिनं अजून काढला नव्हता. लीड्सच्या त्या लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी रशियन बोलणाऱ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. आजचा नुकता कुठे सुरू झाला होता. मिन्स्कचे म्हातारे इंजिनिअर बोरिस ल्वोविच यांनी वहीतून मान वर केली. 

पद्माकर खरे यांनी चष्मा सारखा करून कागद पाहिला. अक्षर त्यांचंच होतं, बारीक, उजवीकडे झुकलेलं. डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या रकान्यात त्याचा रशियन अर्थ. वर मथळा होता, 'मृत्यू'. तिसऱ्या ओळीत 'पॉप्ड हर क्लॉग्ज', समोर 'मरण पावली', आणि कंसात 'उत्तर इंग्लंडात, आपल्या भागात प्रचलित'.

"माझंच आहे," ते म्हणाले.

"मग मी तेच म्हटलं." गालिना रशियनमध्ये बोलत होती, आणि रागावली की ती फार सावकाश बोले. "माझ्या वृद्धाश्रमात, होममध्ये, मिसेस ऑग्डन परवा पहाटे गेल्या. सकाळी त्यांचा मुलगा आला, हातात द्राक्षांची पिशवी घेऊन. मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, आय ॲम सो सॉरी, मिस्टर ऑग्डन. युवर डिअर मदर पॉप्ड हर क्लॉग्ज."

पद्माकरांनी डोळे मिटले.

क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळाचे जोडे. इथल्या गिरण्यांमधले मजूर एके काळी ते घालत. पण हा वाक्प्रचार दुखवट्याचा नव्हे. तो पबमध्ये, चार टोळभैरवांत, पाय पसरून बोलायचा. आपल्याकडे 'म्हातारी गचकली' म्हणावं, तसा. हे पद्माकरांना ठाऊक होतं. कागदावर लिहायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"त्यांच्या घरच्यांनी तक्रार केलीय," गालिना म्हणाली. "मेट्रननं मला घरी बसवलंय. ती चांगला शब्द टाकणार होती, म्हणून हॉस्पिटलमधले डॉक्टर मला हाताखाली घ्यायला तयार झाले होते. आता ती म्हणते, ज्या बाईला मेलेल्या माणसाबद्दल कसं बोलावं ते कळत नाही, ती इथे डॉक्टर काय होणार?"

गालिना खारकीव्हमध्ये अकरा वर्षं डॉक्टर होती. इथे ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना न्हाऊ घालत होती, चमच्यानं सूप भरवत होती. परदेशी डॉक्टरांच्या परीक्षेत ती एकदा तोंडी भागात नापास झाली होती, कारण रोगी बनून बसवलेला माणूस भलतंच काहीतरी इंग्रजी बोलत होता. वसंतात दुसरी संधी होती. म्हणून तर ती या वर्गात आली होती.

"चूक माझी आहे," पद्माकर म्हणाले. आवाज इतका लहान निघाला, की बोरिस ल्वोविचनी कानामागे हात धरला.

एरवी चूक कुणाचीही असो, ती आपलीच असणार अशी पद्माकरांची जन्माची समजूत होती. या खेपेला ती खरी निघाली, एवढंच.

पद्माकरांची पत्नी प्रमोदिनी डॉक्टर. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा तिच्यामागोमाग तेही आले आणि त्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात चिकटले. रशियन ते तरुणपणी पुण्यात शिकले होते, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन. कारण विचाराल तर रशियन पुस्तकं स्वस्त असत आणि बांधणी झकास असे. पंचवीस वर्षं ते रशियन नुसतं वाचत राहिले. बोलायला माणूस नव्हता. मग तिकडे तो देशच मोडला, माणसं इकडेतिकडे पांगली, काही थेट लीड्समध्ये उगवली, आणि लायब्ररीतल्या बाईंना आठवलं की ते निवृत्त मिस्टर खरे रशियन पुस्तकं मागवत असतात.

त्या लोकांना पद्माकर आवडले ते एका गोष्टीमुळे. पहिल्याच दिवशी बोरिस ल्वोविचनी विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय?" रशियनांत आदरानं हाक मारायची तर माणसाच्या नावाला बापाचं नाव जोडावं लागतं. "विष्णू," पद्माकर म्हणाले, आणि ते पद्माकर विष्णूविच झाले. पंचवीस वर्षांत या देशात त्यांच्या वडिलांचं नाव कुणी विचारलं नव्हतं. ऑफिसात ते पॅडी होते. घरी येताना बसमध्ये त्यांनी ते नाव दोनदा मनाशी म्हणून पाहिलं होतं.

इंग्रजी वाक्प्रचार त्यांना शेकड्यांनी पाठ होते. पण त्यातला एकही ते स्वतः कधी वापरत नसत. रेकॉर्ड ऑफिसात नवे असताना एकदा मुसळधार पाऊस लागला. पद्माकरांनी सांगलीच्या शाळेपासून जपून ठेवलेलं वाक्य धीर करून उच्चारलं, "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज."  मग मॉरीन नावाची बाई म्हणाली, "अगं बाई, ऐका याचं! माझ्या आजीनंतर पहिल्यांदा ऐकलं हे!" सगळे हसले. मनात वाकडं कुणाच्याच नव्हतं. पण त्यानंतर आभाळ भरून आलं की कुणीतरी विचारायचंच, "काय पॅडी, आज कॅट्स की डॉग्ज?" तेव्हापासून ते फक्त 'इट इज रेनिंग' म्हणत. लीड्समध्ये हे वाक्य किती वेळा म्हणावं लागतं, ते सांगायला नको.

"मला का नाही विचारलंत?" संध्याकाळी प्रमोदिनीताई भांडी विसळता विसळता म्हणाल्या. "सगळा जन्म वॉर्डात गेला माझा. किती मुलांना सांगितलं असेल मी, की बाबा रे, तुझी आई गेली. एकदा तरी असलं काही तोंडातून गेलंय?"

"सुचलं नाही. पुस्तकात होतं."

"पुस्तकात! तुम्ही पुस्तकात वाचून पोहायला लागणारे. आणि पाण्यात ढकललंत कुणाला, तर त्या बिचारीला."

"मी वर्ग सोडतो," पद्माकर म्हणाले. "लायब्ररीला सांगतो, दुसरं कुणी बघा. माझा अधिकारच नाही. जे मी कधी बोललो नाही, ते मी शिकवतो म्हणजे..."

खळ्ळ असा आवाज झाला. प्रमोदिनीताईंचा हात नळावर आपटला होता.

"वाढवली वाटतं बांगडी," त्या सहज म्हणाल्या आणि सिंकमधले काचेचे तुकडे वेचू लागल्या. "काढा तो वर्तमानपत्राचा कागद. अहो! बघत काय उभे राहिलात?"

पद्माकर खरंच बघत उभे राहिले होते. बांगडी फुटली. पण फुटली कुणी म्हणत नाही. सवाष्णीच्या हातातली बांगडी 'वाढवली' म्हणतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. हे त्यांना कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं. आईनं एकदा तोंडावर चापट मारली होती, 'जातो' म्हटल्याबद्दल. इंग्रजीचे अर्थ त्यांनी पुस्तकातून घेतले. पण कुठला शब्द कुणासमोर गिळायचा, हे त्यांना एका भाषेत येत होतं, आणि ते दुसऱ्या भाषेत लागतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला त्या ऑग्डनकडे गेलं पाहिजे," ते म्हणाले.

प्रमोदिनीताईंनी वळून पाहिलं. हा माणूस दुधाची बाटली कमी आली तरी दूधवाल्याला सांगायला बायकोला पाठवायचा.

"जा की. पण मी येणार नाही. मी आले तर मीच बोलेन, आणि तुम्ही त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बघत बसाल."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पद्माकरांच्या हातात झाकणाचं काचेचं भांडं दिलं, जाड टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. "पिठलं-भात आहे. सुतकाच्या घरी जाताय, रिकाम्या हातानं जाऊ नका. आणि फुलंबिलं नेऊ नका, ती सगळेच नेतात."

"तो इंग्रज आहे गं."

"मग? इंग्रजाला आई गेल्यावर भूक लागत नाही?"

गालिना बसस्टॉपवर उभी होती. केस घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले. बसमध्ये पद्माकर मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, 'आय हॅव कम टु एक्सप्रेस माय प्रोफाउंड...' पिठल्याची ऊब मांडीला लागत होती. समोरची बाई नाक वर करून वास घेत होती.

फ्रँक ऑग्डन बस ड्रायव्हर होता, नुकताच निवृत्त झालेला. चांगला धिप्पाड, कोपरांवर झिजलेला स्वेटर, दाढी वाढलेली. गालिनाला दारात बघून त्याचा चेहरा ताठ झाला.

"प्रोफाउंड," पद्माकर म्हणाले, आणि पुढचं सगळं विसरले.

 शेवटी पद्माकरांनी भांडं पुढे केलं.

"हे काय?"

"फूड," पद्माकर म्हणाले. "आमच्यात घरी कुणी गेलं की चूल पेटवत नाहीत. शेजारचे देतात. मी शेजारचा नाही, पण..."

ऑग्डननं झाकण उचललं. "कस्टर्ड?"

"नाही, नाही. तिखट आहे. डाळीचं पीठ."

"आत या," तो म्हणाला. "दार उघडं राहिलं की थंडी भरते."

स्वयंपाकघरात तिघं बसले. सिंकमध्ये चहाचे कप साठले होते. ओट्यावर द्राक्षांची पिशवी तशीच पडली होती, आतली द्राक्षं सुकत चाललेली. ऑग्डननं आधी गालिनाकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"तक्रार मी केली नाही," तो म्हणाला. "ब्रेंडानं केली. बहीण माझी. तेही तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. मी हसलो."

पद्माकरांना कळेना आपण नीट ऐकलं की नाही.

"हसलो मी. ही माझे हात धरते, डोळ्यांत पाणी, पाद्र्यासारखा चेहरा, आणि म्हणते ते तसलं! मला हसू फुटलंच. आई तिकडे गार पडलीय, आणि मी पॅसेजमध्ये खो खो हसतोय. मागे ब्रेंडा उभी." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "आई गेल्यावर पहिली गोष्ट काय केली मी? हसलो. तेव्हापासून ब्रेंडा माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, ही बाई आमची टिंगल करत होती आणि मीही त्यात सामील झालो."

गालिनानं पद्माकरांच्या बाहीला हात लावला. तिला अर्धंच कळलं होतं. पद्माकरांनी रशियनमध्ये सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि मग हळूहळू बोलू लागली. आणि पद्माकर, बोलायला माणूस नाही म्हणून पंचवीस वर्षं नुसतं वाचणारे पद्माकर, ते तिचं बोलणं एकेक वाक्य इंग्रजीत उतरवू लागले. न अडखळता. कारण शब्द त्यांचे नव्हतेच, फक्त वाहून न्यायचे होते.

"ती म्हणते, कागदावर चार-पाच शब्द होते. पास्ड अवे होता. तो तिला माहीत होता. पण तो होममध्ये सगळेच म्हणतात, मेट्रन फोनवरही म्हणते. तुमच्या आई तिला रोज गिरणीतल्या गोष्टी सांगायच्या. कळायच्या नाहीत फारशा, पण ती ऐकायची. कागदावर एका शब्दापुढे लिहिलं होतं, इथल्या भागातला. तिला वाटलं, हा घरचा शब्द असणार. परक्या बाईच्या तोंडून आई गेल्याचं कळण्यापेक्षा घरच्या शब्दात कळलेलं बरं."



"आणि मी," पद्माकर म्हणाले, आता त्यांचं स्वतःचं, त्यामुळे पुन्हा अडखळत, "मी तो शब्द दिला. अर्थ दिला. कुणी कुणाला म्हणायचा, ते दिलं नाही. आमच्या घरी बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत. तरी मी... मला कळायला हवं होतं."

"माझ्यासाठी निवडला तो?" ऑग्डननं गालिनाला विचारलं. "मी इथला म्हणून?"

"येस," गालिना म्हणाली. "फॉर यू."

ऑग्डन उठला. त्यानं खणातून चमचा काढला आणि उभ्या उभ्याच भांड्यातलं पिठलं खाल्लं. एक घास, मग दुसरा. त्याचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिरचीनं की कशानं, ते पद्माकरांनी बघितलं नाही. ते भिंतीवरचं घड्याळ बघत बसले.

"आईसुद्धा तसंच म्हणायची," ऑग्डन सिंककडे तोंड करून म्हणाला. "स्वतःबद्दल. मी क्लॉग्ज टाकले की कपाटातली शेरीची बाटली उघडा, म्हणायची. ब्रेंडाला आठवण करून दिली पाहिजे."

ब्रेंडानं लगेच ऐकलं असं नाही. ऑग्डनच्या म्हणण्याप्रमाणे तिचं डोकं आईवर गेलं होतं आणि आईचं डोकं दगडी होतं. पण शेरीची बाटली खरंच कपाटात निघाली, तेव्हा बहीण-भाऊ दोघंही आधी रडले आणि मग हसले म्हणे. पुढच्या आठवड्यात ब्रेंडानं होमला फोन केला. मेट्रननं गालिनाला परत बोलावलं आणि तोंड वाकडं करून का होईना, हॉस्पिटलकडे शब्द टाकला.

त्या गुरुवारी वर्ग सुरू असताना दारावर थाप पडली. फ्रँक ऑग्डन उभा होता, दाढी केलेली, हातात काचेचं भांडं.

"तुमच्या मिसेसचं आहे," तो म्हणाला. "रिकामं कसं द्यायचं, म्हणून आल्याचा केक घातलाय. ब्रेंडानं केला."

पद्माकरांनी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा प्रमोदिनीताईंनी भांडं उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा! रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं? घरंदाज माणूस आहे हो."

ऑग्डन त्या दिवशी वर्गातून लगेच परत गेलाच नाही. घरी एकट्यानं बसून काय करायचं, म्हणाला, आणि बोरिस ल्वोविचशेजारच्या खुर्चीत बसला. पद्माकरांनी कागदावर नवा रकाना आखला होता, तिसरा. वर लिहिलं होतं, 'कुणी, कुणाला, केव्हा'. तो बहुतेक कोराच होता. आपल्याला तो भरता येणार नाही, हे ते वर्गाला प्रामाणिकपणे सांगत होते, तेवढ्यात ऑग्डननं मान लांब करून कागद वाचायला घेतला.

"हे?" त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बायकोला कधीच नाही म्हणायचं. मेव्हण्याला चालेल. हे फक्त टीव्हीवरचे लोक म्हणतात. हे माझा साहेब म्हणायचा, आणि म्हणून आम्ही कुणी म्हणायचो नाही. आणि हे काय, कॅट्स अँड डॉग्ज? अजून आहे का हे?"

पद्माकरांनी ती ओळ खोडली. त्यांना हसू आलं.

गुरुवारमागून गुरुवार गेले. प्रमोदिनीताईही एक दिवस आल्या, 'बघू तरी काय चाललंय' म्हणून, आणि खुर्चीत पोट धरून रोगी होऊन बसल्या. वॉर्डात ऐकलेल्या यॉर्कशरच्या म्हाताऱ्या त्यांच्या अंगात येत. "हे बघ गालिना," त्या बजावत, "इकडचा माणूस 'मस्ट नॉट ग्रंबल', कुरकुर नाही करायची, असं म्हणाला, की बरं आहे असंही असेल आणि मरायला टेकलाय असंही असेल. शब्दावर जाऊ नको. तोंड बघ. रंग बघ. बसलाय कसा ते बघ."

"मग त्या शब्दाचा अर्थ काय?" गालिनानं विचारलं.

"अर्थ?" ऑग्डननं खांदे उडवले. "विचारल्याबद्दल थँक यू, एवढाच."

पद्माकरांनी ते तिसऱ्या रकान्यात लिहून घेतलं.

एप्रिलातल्या एका सकाळी गालिना परीक्षेसाठी लंडनला निघाली. लांबच्या बसेसच्या कोच स्टेशनवर पद्माकर, प्रमोदिनीताई आणि ऑग्डन तिघंही पोहोचवायला आले. ऑग्डननं आधी जाऊन ड्रायव्हर कोण आहे ते पाहिलं. "ठीक आहे," तो परत येऊन म्हणाला, "पोर चांगलं आहे, ब्रेक हळू मारतं." प्रमोदिनीताईंनी पर्समधून डबी काढून गालिनाच्या तळहातावर दही-साखर घातली. तिनं काही न विचारता चाटून टाकली.

मग ती म्हणाली, "आता बसा. सगळे."

लांबच्या वाटेला निघताना घटकाभर गप्प बसायचं, ही तिच्याकडची रीत. गालिना आपल्या बॅगेवर बसली. बाकावर तिघंजण ओळीनं बसले. माणसं सामान ओढत समोरून जात होती. ऑग्डननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. 

गालिना उठली तेव्हा पद्माकरांनी रशियनमध्ये म्हटलं, "नी पूखा, नी पेरा." एक पीस मिळू नये, एक पंख मिळू नये, अशी शिकाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून द्यायची उलटी शुभेच्छा.

"क चोर्तू!" गालिना म्हणाली आणि हसत कोचमध्ये चढली.

"काय म्हणाली ती?" प्रमोदिनीताईंनी विचारलं.

"सैतानाकडे जा, म्हणाली."

"अगंबाई! तुम्हाला?"

"तसंच म्हणायचं असतं. परीक्षेला जाताना. थँक यू म्हटलं तर अपशकुन."

"एकेकाची तऱ्हा," प्रमोदिनीताई म्हणाल्या आणि खिडकीतल्या हाताला हात हलवत राहिल्या. "येते म्हण गं, येते म्हण!" त्या मराठीत ओरडल्या. कोच वळणाआड गेली.

परतताना प्रमोदिनीताई दुकानांच्या काचांतून बघत मागे रेंगाळल्या. ऑग्डन आणि पद्माकर पुढे चालत होते. आभाळ भरून आलं होतं.

"कसं काय, पॅडी? ठीक ना?" ऑग्डननं सहज विचारलं.

"मस्ट नॉट ग्रंबल," पद्माकर म्हणाले.

 ऑग्डन आता हसेल, म्हणून ते वाट पाहू लागले.

"हं," ऑग्डन म्हणाला. "छत्री आणलीय का? चार पावलांत येणार बघ पाऊस."

पद्माकरांनी छत्री उघडली. ती ऑग्डनच्या डोक्यावर पोहोचेना, म्हणून त्यांनी हात जरा उंच केला आणि ते चालत राहिले.